मागच्या सीटवर एक इसम

गाडीचं दार लावणं ही काही फार मोठी विद्या आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. माणूस गाडीत बसतो, दार ओढतो, दार लागतं, माणूस आपल्या कामाला जातो. जगात कोट्यवधी लोक रोज हे करतात आणि त्यातला एकही जण संध्याकाळी घरी येऊन बायकोला "अगं, आज दार लागलं!" असं सांगत नाही. मी सांगायचो. म्हणजे लागलं त्या दिवशी. बाकीच्या दिवशी ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि काही न विचारता चहाचं आधण ठेवायची.

गाडी सासऱ्यांची. टप उघडणारी, दोन दारांची, लांबलचक, आणि एके काळी सायीच्या रंगाची. सासऱ्यांनी ती प्रेमाने मला दिली असं मी चारचौघांत सांगतो. खरं म्हणजे आधी मेहुण्याने नको म्हटलं, मग भंगारवाला येऊन नाक मुरडून गेला, आणि त्यानंतर सासऱ्यांना एकदम जावयाची आठवण झाली. "तुम्ही हौशी आहात," असं म्हणाले. ज्याला काही येत नाही पण नाहीही म्हणता येत नाही, त्याला आमच्या सासरी हौशी म्हणतात.

मी नाही म्हणणारही होतो. पण बायकोने त्या गाडीच्या पुढच्या सीटवरून असा काही हात फिरवला की माझी वाचाच बसली.

"लहानपणी मी कायम मागे," ती म्हणाली. "पुढे बाबा, आई, आणि आईच्या मांडीवर दादा. दादा केवढा झाला तरी मांडीवरच. मला आजवर पुढून रस्ता कसा दिसतो ते माहीत नाही." मग तिने माझ्याकडे बघितलं. "ऐका हो. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मला साडी नको, दागिना नको. ही गाडी नीट करा, टप उघडा, मला पुढे बसवा आणि तळ्याला एक चक्कर मारून आणा. आपण दोघंच. मागे कुणी नको."

या 'मागे कुणी नको'ला मोठा इतिहास आहे. लग्नानंतर आम्ही फिरायला गेलो तेव्हा माझी आत्या बरोबर होती. तिने ते ठिकाण पाहिलं नव्हतं, एवढंच कारण. पुढे मुलं झाली, मुलांचे मित्र झाले, मग माझी आई आणि तिची घडीची खुर्ची. म्हणजे आमच्या अख्ख्या संसारात मागच्या सीटवरून कुणी ना कुणी "काच वर करा" किंवा "अजून किती लांब?" असं विचारत आलेलं आहे. बायकोने आत्तापर्यंत एकही गोष्ट हट्टाने मागितली नव्हती. त्यामुळे मी छाती पुढे काढून म्हणालो, "हात्तिच्या, एवढंच ना?"

हा शब्द मी आता वापरत नाही.

इंजिन सुरू झालं. त्याचं श्रेय कुणालाच देता येत नाही, ते आपलं आपण सुरू झालं. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, सीटला नवं कापड चढवलं, टपाला नवा कॅनव्हास आला. उरली दोन दारं आणि त्यांच्या दोन काचा. पत्र्याचं काम करणारा आमचा डेंटर म्हणाला, "दारं? किरकोळ काम आहे, साहेब. चहा होईपर्यंत बसवतो." तो दुसऱ्या एका गॅरेजात नोकरीला होता आणि दुपारनंतर आमच्याकडे यायचा. बोलायला गोड, वागायला नम्र, आणि आत्मविश्वास असा की चुकीचा नट उलट्या बाजूने फिरवतानासुद्धा हात थरथरायचा नाही.

आता तुम्हाला वाटेल, दार बसवण्यात काय मोठंसं? मलाही तसंच वाटलं होतं. साध्या गाडीला डोक्यावर पत्र्याचं छप्पर असतं, ते सगळा सांगाडा धरून ठेवतं. टप उघडणाऱ्या गाडीला डोक्यावर कापड. सांगाडा आपला मोकळाच, जरा भार पडला की इकडे वाकतो, जरा हलका झाला की तिकडे. त्यात या गाडीच्या काचांना चौकट नाही. काच दारातून सुटी वर येते आणि टपाच्या रबराला जाऊन अलगद टेकते, असं अपेक्षित असतं. दार खाली केसभर चुकलं की काच वर बोटभर चुकते. हे सगळं ज्ञान मला फुकटात मिळालं आणि त्याचा उपयोग जन्मात पुन्हा कधी होणार नाही.

तेव्हा इमारतीखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात, दारांचं काम सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी कॅप्टन आले.

कॅप्टन आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सैन्याशी त्यांचा संबंध नाही. ऑफिसच्या कॅरम संघाचे ते कप्तान होते, आणि एकदा माणूस कप्तान झाला की तो रिटायर होत नाही. घरी एकटेच. अंगाने भरभक्कम. म्हणजे लिफ्टमध्ये कॅप्टन आधीच उभे दिसले की लोक "तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो मागून" म्हणतात. जगात असा विषय नाही ज्यात कॅप्टनना गती नाही, आणि असं एकही काम नाही जे त्यांनी स्वतः कधी केलं आहे.

ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, म्हणाले, "उभं राहून अंदाज येत नाही," आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. सीट हुश्श करून खाली गेली. खिशातून शेंगदाण्यांची पुडी निघाली, डावा हात सीटच्या पाठीवर पसरला गेला, आणि आज्ञा सुटू लागल्या.

"वरचं बिजागर सैल कर. जरा आणखी. आता दार उचल. आवळ. हां, आता खालचं सैल कर."

"वरचंच जरा जास्त आवळलं गेलंय," डेंटर म्हणे.

"मग ते सैल कर. मी तेच म्हणत होतो."

मला वाटलं होतं डेंटर त्यांना हाकलेल. कारागीर माणसाला असली लुडबुड खपत नाही असं मी ऐकून होतो. पण आमच्या डेंटरला उलट हुरूप चढला. त्याचं म्हणणं, "काका बसले की कामाला वजन येतं." हे वाक्य तो किती खरं बोलला ते कळायला पुढे बराच वेळ गेला.

दुपारी जेवण झालं की कॅप्टन खाली. डेंटर येईपर्यंत ते सीटवर पेंगत असत. काम संपून दिवे लागले की मगच उठत. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. म्हणजे लोकांच्या मागण्या नियमात बसत नाहीत हे त्यांना सभ्य भाषेत कळवणे, हा माझा व्यवसाय. साठवून ठेवलेल्या रजा मी अर्ध्या-अर्ध्या करून या दारांवर उधळत होतो. एकदा कॅप्टनच्या सल्ल्यावरून बायकोची लिपस्टिक आणून कडीला लावली, म्हणजे दार लावताना कडी कुठे आपटते त्याचा डाग पडतो आणि दुखणं कळतं. डाग पडला. दारावर नाही, माझ्या शर्टाच्या कॉलरवर पडला, आणि तो शर्ट घालून मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. इतकी वर्षं माझ्याकडे ढुंकून न बघणाऱ्या सहकाऱ्यांनी त्या दिवशी मला फार आदराने वागवलं. मी कितीही सांगितलं की ते गाडीच्या दाराचं आहे, तरी ते फक्त मान डोलवत होते.

आणि तरी एका संध्याकाळी दार लागलं!

टक्. बस, एवढाच आवाज. डेंटरने काच वर केली, ती जाऊन टपाच्या रबराला अशी टेकली की मधून कागद जाईना. दुसरं दार. टक्. दुसरी काच. कॅप्टननी मागच्या सीटवरून हात वर केला, मी डेंटरला मिठी मारली, माझा शर्ट पुन्हा धुवायला गेला. घरी जाऊन मी जाहीर केलं, "झालं! तुझी गाडी तयार." रात्री जेवताना बायको उगाचच हसत होती, आणि भाजीत मीठ दोनदा पडलं होतं.

सकाळी तिला दाखवायला खाली नेलं. दार ओढलं. ठप्प. पुन्हा ओढलं. कडी कडीच्या जागी नव्हतीच मुळी, खाली येऊन पत्र्यावर आपटत होती. काच वर केली तर ती टपाच्या बाहेरच निघाली आणि मधली फट इतकी, की त्यातून मांजर डोकावलं असतं. बायको म्हणाली, "काल लागलं होतं म्हणालात ना?"

"काल लागलं होतं!"

"असेल," ती म्हणाली. नवरा खोटं बोलत नाहीये एवढं तिला पक्कं माहीत होतं, पण त्याला काही कळत नसावं अशी शंका तिच्या स्वरात होती.

दुपारी डेंटर आला, कॅप्टन बसले, दार लावून पाहिलं. टक्! दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

इथून माझ्या मानहानीला जी सुरुवात झाली ती सांगायची तर एक स्वतंत्र कथा होईल. रोज सकाळी दार लागत नसे, रोज दुपारी लागत असे. मग कारणमीमांसा सुरू झाली. डेंटर म्हणाला, रात्रीच्या गारव्याने पत्रा आखडतो. कॅप्टन म्हणाले, रबर फुगतं. वॉचमन म्हणाला, गाडीला दुपारची सवय लागली आहे. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की दारात दोष नाही, मला दार लावता येत नाही.

"तुम्ही दार असं लावता जणू त्याचा अर्ज नामंजूर करताय," कॅप्टन म्हणाले. "जरा प्रेमाने लावा."

मग माझी शिकवणी. इमारतीतली माणसं कामावर जाता जाता थांबून मी दार कसं लावतो ते बघायची. अमुक मजल्यावरच्या बाईंनी मनगट सैल ठेवायला सांगितलं. तमुक गृहस्थांनी श्वास सोडताना ओढा म्हणून सांगितलं. पन्नाशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, स्वतःच्या सहीने लोकांचे दावे फेटाळणारा मी, भर पार्किंगमध्ये श्वास सोडत दार ओढत उभा असे. त्यातच सोसायटीच्या सेक्रेटरीने जिन्यात सूचना लावली की वाहनांची दारे आपटून रहिवाशांची झोपमोड करू नये. नाव कुणाचं घातलं नव्हतं. पण सूचना आमच्याच दाराबाहेर लावली होती.

वाढदिवस जवळ येत चालला. बायकोने एकदाही विचारलं नाही. एके दिवशी फक्त म्हणाली, "नसेल होत तर राहू द्या हो. आपण घरीच काहीतरी गोड करू." तिच्या 'राहू द्या'ने मला जेवढं लागलं तेवढं त्या दाराने बोट चिरडलं तेव्हाही लागलं नव्हतं. कारण ती हे मनापासून म्हणत होती. आयुष्यभर तिने असंच सगळं राहू दिलेलं होतं.

त्यातच वाहन कार्यालयाची तपासणी आली. एवढ्या जुन्या गाडीला रस्त्यावर काढायचं तर दारं, काचा, दिवे, ब्रेक सगळं दाखवून मंजुरी घ्यावी लागते. मी एकट्याने जायचं ठरवलं होतं. पण खाली उतरलो तर कॅप्टन मागच्या सीटवर बसलेले, इस्त्रीचा शर्ट घालून. "तिथल्या माणसांशी बोलायची एक पद्धत असते," म्हणाले, "ती तुमच्याकडे नाही." दार लावलं. टक्. बरा शकुन झाला म्हणून मीही निमूट निघालो.

वाहन कार्यालयात आधी या खिडकीवरून त्या खिडकीवर जायचं असतं, मग त्या खिडकीवरून या खिडकीवर. दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओळखत नाहीत असं दाखवतात. ते सोपस्कार झाल्यावर तपासणी अधिकारी आले. बारीक अंगाचे, बारीक मिशीचे. कॅप्टन तेवढ्यात चहा शोधायला उतरले होते.

अधिकाऱ्यांनी दार उघडलं, लावलं. ठप्प. उघडलं, लावलं. ठप्प.

"हे काय?"

"आत्ता येताना लागलं होतं, साहेब."

"येताना मी नव्हतो."

"जरा श्वास सोडताना ओढून बघा," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकलो. दुसरं दार. ठप्प. काच टपाच्या बाहेर. त्यांनी पेन काढलं. नामंजुरीचं वाक्य लिहायला घेताना हात कसा कागदावर टेकतो ते मी ओळखतो, रोज तोच धंदा. डोळ्यांसमोर गोड काहीतरी करत स्वयंपाकघरात उभी असलेली बायको दिसली.

तेवढ्यात कॅप्टन उन्हातून घाम पुसत आले, "काय मेली गर्मी!" म्हणत पलीकडच्या दाराने मागे जाऊन बसले, आणि अधिकाऱ्यांचा हात दारावर होता ते दार आपोआप लागलं. टक्.

अधिकारी दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उतरा."

कॅप्टन उतरले. ठप्प.

"बसा."

टक्.

"उतरा. बसा. उतरा. थांबा, जरा डावीकडे सरका. हां, बसा."

आजूबाजूच्या रांगा मोडून लोक बघायला आले. एका बाजूला कॅप्टन उठत-बसत होते आणि दुसऱ्या बाजूला माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. अरे देवा! डेंटर दुपारी यायचा तेव्हा हे महाशय मागे बसलेले. गेले कित्येक दिवस, प्रत्येक बिजागर, त्याच्यामागची प्रत्येक पातळ चकती, प्रत्येक काच आम्ही कॅप्टन मागे बसले असताना बसवली होती. त्यांच्या भाराने गाडीचा मोकळा सांगाडा जसा वाकत होता त्या मापाला दारं शिवली होती. ते उठले की सांगाडा सरळ होत होता आणि दारं उघडी पडत होती. आणि एवढे दिवस मी मनगट सैल सोडत होतो!

अधिकारी नियमाचे माणूस निघाले. नियमात लिहिलं होतं, दारे व काचा पूर्ण बंद व्हायला हव्यात. गाडीत कोण बसलेलं असावं किंवा नसावं याबद्दल नियम मुका होता. त्यांनी बराच विचार केला आणि शेरा लिहिला, 'मागील आसनावर एक इसम बसला असता दारे व काचा व्यवस्थित बंद होतात. सबब मंजूर.' धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, इतकं निर्दोष वाक्य मी उभ्या नोकरीत लिहिलं नाही.

परतताना कॅप्टन तो शेरा पुन्हा पुन्हा वाचत होते. "म्हणजे सरकारी कागदावर माझी नोंद झाली," ते म्हणाले. "माझ्याशिवाय ही गाडी हलायची नाही. काळजी करू नका, मी कुठे जात नाही." आणि घर आल्यावर उतरता उतरता, "वाढदिवसाला कुठल्या रंगाचा शर्ट घालू? वहिनींना विचारून सांगा."

मी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आत्याच्या जागी कॅप्टन काका." आणि उठून आत गेली.

त्यानंतर मी काय काय केलं ते विचारू नका. डेंटरला फोन केला. तो म्हणाला, "किरकोळ काम आहे, साहेब, रिकाम्या गाडीवर परत सगळं बसवू. पण मी सध्या सासुरवाडीला आहे, वाढदिवस झाला की लगेच येतो." मग मी कॅप्टनच्या वजनाची वाळूची पोती मागे ठेवली. दार अर्धंच लागलं. डेंटर फोनवर समजावून सांगायला लागला, "पोतं पडून राहतं, साहेब. माणूस रेलतो. काका डावीकडे रेलतात." मग मी एक पोतं डावीकडे रेलवलं. ते फुटलं, आणि नव्या कापडाच्या सीटमध्ये, टपाच्या सांध्यात, माझ्या बुटांत वाळू गेली. हे सगळं कॅप्टन वरच्या गॅलरीतून बघत होते. आपली जागा वाळूला देऊ पाहणारा कृतघ्न माणूस म्हणून त्यांनी मला दोन दिवस ओळख दाखवली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच खाली येऊन म्हणाले, "जाऊ द्या. मनात ठेवत नाही मी." त्यांच्या या मोठेपणामुळे तर माझी आणखीच पंचाईत झाली.

वाढदिवसाची सकाळ उजाडली. आम्ही खाली आलो. टप उघडलेला, गाडी पुसून लखलखीत, आणि मागच्या सीटवर निळा शर्ट घातलेले कॅप्टन, मांडीवर आमच्यासाठी फुलांचा गुच्छ, दोन्ही दारं नीट लावलेली. मला हसावं की रडावं कळेना. बिचारे सकाळपासून येऊन बसले होते. घरात दुसरं कुणी बोलायला असतं तर कदाचित आलेही नसते.

बायको आज सुरेख दिसत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मी म्हणणार होतो, चल, एवढी एक वेळ घेऊ त्यांना बरोबर, काय बिघडतं. तोंड उघडलंही होतं.

"काका," ती म्हणाली, "जरा उतरता?"

कॅप्टन उतरले. गाडीने अंग सोडलं आणि पलीकडचं दारही ठक्कन उघडलं. बायकोने माझ्याकडे हात पुढे केला.

"पाना द्या."

"कशाला?"

"दारं काढायची आहेत."

"अगं, दारं काढली तर लागणार कशी?"

"लागणारच नाहीत. आणि लागत नाहीत म्हणून कुणी रडणारही नाही. द्या इकडे."

मी कॅप्टनकडे बघितलं. मला वाटलं आता ते दुखावणार, वर जाऊन दार लावून घेणार. पण बायको त्यांच्याकडे वळली. "काका, या गाडीची बिजागरं तुमच्याएवढी कुणालाच माहीत नाहीत. आधी कुठलं सैल करू?"

कॅप्टनच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. "वरचं," ते म्हणाले. "नाही, थांबा. खालचं. दार मी धरतो." आणि खरोखर त्यांनी दार धरलं. इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा कामाला हात लावला होता, आणि सल्लाही पहिल्यांदाच बरोबर निघाला. दोन्ही दारं निघाली. आम्ही ती भिंतीला टेकवली आणि बायको म्हणाली, "आम्ही येईपर्यंत तुमच्या ताब्यात. कुणाला हात लावू देऊ नका." कॅप्टन दोन दारांच्या मधोमध हाताची घडी घालून उभे राहिले. फुलं त्यांनी पुढच्या सीटवर ठेवली होती.

आम्ही निघालो. दारं नसलेल्या गाडीत बसलं की रस्ता पायाशी येतो हे मला माहीत नव्हतं. पहिल्या वळणावर बायकोने माझा दंड घट्ट धरला आणि नंतर सोडलाच नाही. तळ्यावर वारा सुटला होता. तिचे केस उडत होते, ती ते सावरत नव्हती. मी आरशात बघितलं. मागची सीट रिकामी. थोडी वाळू होती, बस. इतकं बरं मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलं आहे.

"बाबांना असा दिसायचा रस्ता?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "दादा वेडाच. मांडीवर झोपून जायचा."

एक चक्कर झाली. ती म्हणाली, आणखी एक. तीही झाली आणि तिसरी सुरू होणार तोच शिट्टी वाजली. वाहतूक पोलीस हात आडवा करून रस्त्याच्या मधोमध उभा. तो गाडीच्या या बाजूला आला, मग त्या बाजूला गेला, मग टोपी मागे सारून म्हणाला, "दारं कुठायत?"

"घरी," बायको म्हणाली.

"घरी म्हणजे?"

"शेजाऱ्यांकडे दिलीत, सांभाळायला."

त्याने माझ्याकडे कागद मागितले. मी दिले. त्याने शेरा मोठ्याने वाचला, दोनदा वाचला. "मागील आसनावर एक इसम... इसम कुठाय?"

"दारांपाशी," मी म्हणालो.

यावर त्याने कागद घडी करून खिशात घातले. "चला चौकीवर. साहेबांनाच सांगा काय ते." आणि तो मागच्या सीटवर चढून बसला. सीट हुश्श करून खाली गेली. माझं सगळं अवसान गळालं. इतका आटापिटा करून, दारं उपटून, शेवटी मागे एक इसम बसलाच.

"आमच्या एका चुलत्याकडे अशीच होती," मागून आवाज आला. "तिचं दार असंच भांडायचं. तुम्ही काय करायचं सांगू का, बिजागराच्या मागे जरा पातळ—"

बायको गर्रकन मागे वळली.

"साहेब, दंड भरायचा तो भरते. सह्या करायच्या त्या करते. पण चौकी येईपर्यंत तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. आज आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे, आणि मी पुढे बसले आहे."

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो गप्प बसला. अगदी गप्प. पंचवीस वर्षांत आमच्या मागच्या सीटवर इतकी शांतता मी ऐकली नव्हती. मी गाडी सुरू केली. चौकी समोरच, कोपऱ्यावर दिसत होती. मी सरळ तिकडे नेणार तेवढ्यात बायकोने पुन्हा माझा दंड धरला.

"सरळ नको," ती म्हणाली. "तळ्याला वळसा घालून घ्या."